वळचणीची फळी आणि पावणेचार महिने

छपराच्या लाकडी ट्रसच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांच्या, सॉफ्टवेअरमध्ये फॅशिया, म्हणजे वळचणीच्या टोकाची आडवी फळी, काढणे हे ऐकायला इतके किरकोळ काम वाटते की त्याविषयी काही लिहावे असे मलाही सुरुवातीला वाटले नव्हते. परंतु कॅनडातील एका साध्या बंगल्याच्या छपरासाठी भार वाहणारा, म्हणजे स्ट्रक्चरल, फॅशिया मॉडेलमध्ये बसवताना माझे १२ फेब्रुवारी ते ४ जून २०२४ असे पावणेचार महिने ज्या गोंधळात गेले, त्यातील निम्मा गोंधळ केवळ कोणी आधी सांगितले नाही म्हणून झाला होता. या क्षेत्रात आता मराठी मुले-मुली बरीच आहेत. काही इथे येऊन कारखान्यांच्या डिझाइन विभागात बसतात, तर काही पुण्यात बसून रात्रपाळीत अमेरिकेची आणि कॅनडाची छपरे काढतात. त्यांच्यापैकी कोणाच्या टेबलावर अशी फाइल पहिल्यांदा आली, तर हा अनुभव हाताशी असावा, म्हणून तारखांसह लिहून ठेवत आहे.

माझे शिक्षण रत्नागिरी जिल्ह्यात झाले आणि घर कौलारू. छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला आमच्याकडे कैची म्हणतात, वाशांची टोके भिंतीबाहेर येतात ती वळचण, आणि पावसाळ्यात तिथून पागोळ्या गळतात. वाशांच्या टोकांना आडवी फळी मारलीच, तर ती टोके झाकण्यासाठी आणि घर नेटके दिसण्यासाठी. त्या फळीवर काही भार येतो, असा विचार मी कधी केला नव्हता. १४ ऑगस्ट २०२३ रोजी मी ओटावाच्या जवळच्या एका ट्रस कारखान्यात कनिष्ठ डिझायनर म्हणून रुजू झालो, तेव्हाही फॅशियाविषयी माझी समजूत हीच होती.

इथल्या पद्धतीची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. घराच्या छपराचे ट्रस कारखान्यात तयार होतात. लाकडाचे तुकडे दातेरी पोलादी पत्र्यांनी, म्हणजे प्लेटनी, दाबून जोडले जातात आणि ट्रस साधारणतः २४ इंचांच्या अंतराने भिंतींवर उभे राहतात. प्लेट पुरवणाऱ्या माइटेक, अल्पाइन, ईगल यांसारख्या कंपन्या स्वतःचे सॉफ्टवेअरही देतात, त्यामुळे कारखाना ज्याच्या प्लेट घेतो त्याचेच सॉफ्टवेअर वापरतो. आमचे कोणते होते हे सांगण्याची गरज नाही, कारण पुढे सांगितलेल्या चुका माझ्या होत्या आणि त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये करता आल्या असत्या. ट्रसचा जो भाग भिंतीबाहेर येतो त्याला टेल म्हणतात. टेलांच्या टोकांना २×६ची (नावाला २ बाय ६ इंच, प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच) आडवी फळी खिळ्यांनी ठोकतात, तो सब-फॅशिया (पुढे फॅशिया म्हणजे हीच फळी), आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पत्रा दिसतो.

१२ फेब्रुवारीला सकाळी जी फाइल आली, ती एकमजली घराची होती. मुख्य छप्पर ६/१२ उताराचे (आडव्या १२ इंचांत ६ इंच उतार), पुढच्या बाजूला १०/१२ उताराचे आडवे गेबल, म्हणजे त्रिकोणी टोकाचे छप्पर, आणि सगळीकडे २४ इंचांचा ओव्हरहँग, म्हणजे भिंतीबाहेर येणारा भाग. गेबलच्या तिन्ही टोकांनाही छप्पर २४ इंच बाहेर काढलेले होते. नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ होती, जिचा अर्थ असा की गेबलच्या सर्व कोपऱ्यांवर फॅशिया स्ट्रक्चरल धरावा आणि ट्रस पुरवठादाराने तो तपासावा. मी ती ओळ वाचली आणि फॅशियाच्या सेटिंगमध्ये २×६ निवडून पुढे गेलो. दुपारी वरिष्ठ डिझायनरने विचारले, "हा तपासायचा कोणी, आपण की आर्किटेक्टने?" तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रश्न रेषा काढण्याचा नसून जबाबदारीचा आहे.

ट्रसचा कारखाना प्रत्येक ट्रस हा एक सुटा घटक म्हणून डिझाइन करतो आणि इंजिनिअरचा शिक्का त्या घटकापुरता असतो. ट्रसला जोडणाऱ्या फळ्या, भिंती, तुळया आणि त्यांतून जाणारा भार ही घराच्या डिझायनरची बाब मानली जाते. फॅशिया नेमका या दोघांच्या मध्ये पडतो. १३ फेब्रुवारीला आम्ही आर्किटेक्टच्या कार्यालयाला लेखी विचारले की फळीचा आकार, लाकडाची प्रत आणि खिळ्यांची संख्या कोण ठरवणार आहे. उत्तर २२ तारखेला आले. मधल्या नऊ दिवसांत मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा ईमेल पाठवा असे सांगण्यात आले, जो मी आधीच पाठवला होता. उत्तरात एवढेच होते की फळी २×६, स्प्रूस-पाइन-फर, क्रमांक दोनची चालेल, पण टेलांवर येणारा भार आणि जोड आम्ही दाखवावा. इथे एक व्यवहार शिकलो: असा प्रश्न कधीही मोघम विचारू नये. कोणती वस्तू, कोणत्या जागी आणि कोणत्या कागदावर हवी, असे तीन वाक्यांत विचारले तरच उत्तर उपयोगी येते.

२३ फेब्रुवारीपासून मी मॉडेलला हात घातला. पहिला धडा मापाचा होता. नकाशातील २४ इंच हे भिंतीच्या चौकटीपासून फॅशियाच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत होते, आणि फळीची खरी जाडी दीड इंच असते. म्हणजे टेल २२.५ इंचांचे हवे. सॉफ्टवेअरमध्ये ते फूट, इंच आणि सोळाव्या भागांत १-१०-०८ असे दिसते. मेट्रिकमध्ये वाढलेल्या माणसाला हे सोळावे भाग पहिले सहा महिने स्वप्नातही छळतात. ओव्हरहँगच्या चौकोनात २४ लिहिले, तर तो आकडा टेलाच्या टोकापर्यंतचा आहे की फळीच्या बाहेरपर्यंतचा, हे ठरवणारे बटण वेगळ्याच ठिकाणी असते. ते मी प्रत्येक नव्या फाइलमध्ये आता सर्वांत आधी पाहतो.

दुसरी गोष्ट उंचीची. वरची कड चौकोनी ठेवलेली फळी टेलाच्या टोकाच्या पातळीत ठोकली, तर तिची बाहेरची कड उताराच्या वर येते आणि छपराचे प्लायवुड तिथे उचलले जाते. दीड इंच जाडीत ६/१२चा उतार पाऊण इंच खाली येतो, म्हणून फळी टेलाच्या वरच्या टोकापेक्षा पाऊण इंच खाली हवी. १०/१२च्या बाजूला हेच अंतर सव्वा इंच होते. हे दोन आकडे मी कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवले होते, आणि तरीही पुढची चूक केलीच.

चूक अशी झाली. पुढच्या गेबलची वळचण आणि मुख्य छपराची वळचण आतल्या कोपऱ्यात एकमेकींना भेटतात, तिथे दोन्ही फॅशिया एका पातळीत आले पाहिजेत. ६/१२चे छप्पर २४ इंचांत १२ इंच खाली येते आणि १०/१२चे २० इंच, म्हणून गेबलच्या ट्रसची भिंतीवरची उंची, म्हणजे हील, ८ इंच जास्त ठेवावी लागते. छताच्या उष्णतारोधनाला जागा मिळावी म्हणून मुख्य छपराची हील १२ इंच होती. म्हणून गेबलची २० हवी. मी मात्र दोन्ही बाजू टेलांच्या टोकांशी जुळवल्या. तिथे ओव्हरहँग २२.५ इंच असल्यामुळे फरक साडेसात इंचांचा निघाला आणि सॉफ्टवेअरने हील १९.५ केली. पडद्यावर टोके अगदी सुंदर जुळली. फळ्या बसल्यावर मात्र कोपऱ्यात अर्ध्या इंचाची पायरी झाली असती आणि दोन छपरांमधली पन्हळीची रेघही सरकली असती. ही चूक मला सापडली नाही. पुण्यातल्या माझ्या वर्गमित्राला सापडली.

तो आठ वर्षे हेच काम रात्रपाळीत करतो. हिवाळ्यात इथे सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे त्याची पाळी सुरू होण्याआधी आम्हाला अर्धा तास मिळतो. ग्राहकाची फाइल मी अर्थातच बाहेर पाठवली नाही, फक्त आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "अरे, टोकं जुळवू नकोस, फळीची बाहेरची कड जुळव. सुताराला टोकं दिसत नाहीत, कड दिसते." मी हील २० केली, गेबलचे चौदा ट्रस पुन्हा तयार केले आणि त्यात दीड दिवस गेला.

आता मुख्य प्रश्न. वर सांगितलेल्या सगळ्या खटपटीनंतर मॉडेलमध्ये जो फॅशिया होता, तो छपराच्या कडेचा एक गुणधर्म होता. तो टेल किती कापायचे आणि कशा कोनात कापायचे हे ठरवत होता, त्रिमितीय चित्रात लाकडासारखा दिसत होता, साहित्याच्या यादीत त्याची लांबीही येत होती. पण त्याच्यावर भार येत नव्हता आणि त्याच्याकडून कोणाला भार जात नव्हता. भार वाहणारा फॅशिया हवा असेल, तर त्याच जागी तुळईसारखा स्वतंत्र घटक ठेवावा लागतो, त्याला आधार कुठे आहेत हे सांगावे लागते आणि मग त्या आधारांवरची प्रतिक्रिया त्या त्या ट्रसच्या टेलावर बिंदुभार म्हणून जाते. चित्रात दोन्ही अगदी सारखे दिसतात. मला हे कळायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी मदतपुस्तिकेची फॅशियावरील पाने वाचत बसलो होतो, जेव्हा वाचायला हवी होती ती तुळईची.

गेबलच्या कोपऱ्यावर फळीला भार का येतो, ते थोडक्यात सांगतो. गेबलच्या टोकाचा ट्रस इतर ट्रसपेक्षा थोडा बुटका करतात आणि त्याच्यावरून २×४चे आडवे तुकडे, म्हणजे आउटलुकर, आतल्या ट्रसपासून बाहेर काढतात. त्यांच्या बाहेरच्या टोकांना उताराबरोबर जाणारी बार्जची फळी लागते. बार्जला वरच्या भागात आउटलुकरांचा आधार मिळतो, पण सर्वांत खालच्या दोन फुटांत, जिथे ती भिंतीच्याही बाहेर वळचणीवर येते, तिथे आउटलुकर नसतो. तिचे खालचे टोक फॅशियाच्या पुढे आलेल्या टोकावर टेकते. म्हणजे फॅशिया शेवटच्या टेलाच्या पुढे दोन फूट अधांतरी जातो आणि टोकावर बार्जला झेलतो.

ओटावासाठी ओंटारिओच्या त्या वेळच्या बांधकाम संहितेत जमिनीवरचा हिमभार २.४ किलोपास्कल आणि त्यासोबतच्या पावसाचा ०.४ दिलेला आहे. घरांसाठी पहिल्याला ०.५५ने गुणून दुसरा मिळवायचा, म्हणजे १.७२ किलोपास्कल, साधारण ३६ पौंड प्रति चौरस फूट. छपराचे स्वतःचे ६ पौंड धरले की ४२. कोपऱ्यातील २ फूट बाय २ फूट चौकोनावर १६८ पौंड येतात, त्यातील अर्धे, ८४ पौंड, बार्जच्या वाट्याला. बार्जचे वरचे टोक आउटलुकरवर आहे, तेव्हा खाली खरे तर यापेक्षा कमी येईल, पण इंजिनिअरच्या सूचनेप्रमाणे आम्ही सगळे ८४ फॅशियाच्या टोकावर धरले. फळी पहिल्या टेलाच्या दोन फूट पुढे आणि दुसरे टेल दोन फूट आत, अशी ही पहारीसारखी सरळ तरफ आहे: टोकावर ८४ खाली, पहिल्या टेलावर १६८ खाली आणि दुसऱ्या टेलावर ८४ वर. फळी अधिक टेलांवरून सलग गेली की सॉफ्टवेअर थोडे वेगळे आकडे देते, पण हाताने केलेले हे गणित जवळ असले की पडद्यावरचा वेडावाकडा आकडा लगेच ओळखू येतो. हे भार सुरक्षिततेचे गुणक न लावलेले आहेत. मर्यादा-अवस्थेच्या तपासणीत हिमभाराला १.५ आणि स्थिर भाराला १.२५ लागतो.

गंमत अशी की २×६च्या फळीला हा भार काहीच नाही. वाकण्याचा ताण तिच्या कुवतीच्या फार खाली येतो. सॉफ्टवेअरने सगळीकडे हिरवी खूण दाखवली आणि ७ मार्चला मी समाधानाने पूर्ण संच इंजिनिअरकडे पाठवला.

१४ मार्चला तो परत आला, पहिल्याच पानावर एका प्रश्नासह: गेबलच्या ट्रसला टेल कुठे आहे?

मी फाइल उघडून पाहिली. टेल नव्हते. कारखान्याच्या साच्यातून मी जो बुटका गेबल ट्रस घेतला होता, तो भिंतीच्या बाहेर येतच नव्हता. ज्या आधारावर १६८ पौंड उतरत होते तो आधार मी स्वतः हाताने नोंदवला होता, कारण चित्रात फळी त्या जागेवरून जाताना दिसत होती. सॉफ्टवेअरने मला अडवले नाही. तुम्ही आधार आहे म्हणालात तर त्याच्या हिशोबी आधार असतो. मला त्या दिवशी फार शरम वाटली. दुपारी जेवणाच्या खोलीत न जाता गाडीत बसून डबा खाल्ला.

दुरुस्ती वाटली तेवढी सोपी नव्हती. ट्रसला टेल दिले, तरी तो बुटका असल्यामुळे टेलही खाली येते. आमचे आउटलुकर उभे ठेवलेले होते, म्हणजे उताराला काटकोनात साडेतीन इंचांची घट, ट्रस तेवढा बुटका. सॉफ्टवेअर घट उभ्या दिशेत मागत होते, जी ६/१२ला जवळजवळ ३ पूर्णांक १५/१६ इंच होते आणि १०/१२ला ४ पूर्णांक ९/१६. हा फरक ज्याने लक्षात घेतला नाही, त्याचे आउटलुकर छपराच्या वर डोकावतात. आता ६/१२च्या बाजूला फळी इतर, पूर्ण उंचीच्या टेलांच्या वरच्या पातळीपासून पाऊण इंच खाली सुरू होऊन सव्वासहा इंचांवर संपते, आणि बुटक्या ट्रसचे टेल ३ पूर्णांक १५/१६वर सुरू होते. दोघांची गाठ फक्त सव्वादोन इंचांच्या आसपास पडते. एवढ्या उंचीत दोनच खिळे नीट बसतात. शिवाय ते खिळे टेलाच्या छेदात, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या टोकांत जातात, जिथे खिळ्याची आडवी ताकद नेहमीच्या दोन-तृतीयांशच धरायची असते. फळी दणकट होती आणि जोड पुरेसा नव्हता. आणि जोड हीच गोष्ट सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेत मोजलेली नव्हती.

इंजिनिअरशी फोनवर वीस मिनिटे बोलल्यावर तोडगा निघाला. टेलावरच्या मोकळ्या उंचीत २×४ची उभी भर घालायची आणि ती टेलाला घट्ट खिळायची, जेणेकरून फळीला पूर्ण उंचीभर लाकूड मिळेल. टेलाचा फळीखाली डोकावणारा दीड इंचाहून थोडा जास्त भाग कारखान्यातच आडवा कापायचा, नाहीतर सॉफिट, म्हणजे वळचणीखालचे आवरण, बसणार नाही. प्रत्येक टेलावर खिळ्यांची संख्या लिहायची. आणि कोपऱ्यापासून पहिली तीन टेले एकाच सलग फळीवर आली पाहिजेत, अशी टीप आराखड्यावर ठळक टाकायची. ही शेवटची टीप मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मॉडेलमधली फळी चाळीस फूट सलग असते, पण लाकूड सोळा फुटांच्या तुकड्यांत येते, आणि सुताराने जोड नेमका दुसऱ्या टेलाच्या अलीकडे घेतला तर मागून धरणारे काहीच उरत नाही.

१९ मार्चला सुधारित संच गेला आणि २६ला शिक्क्यासह परत आला. दुसऱ्यांदा तपासणीचे १५० डॉलर कारखान्याने भरले. मला कोणी बोलले नाही, पण तो खर्च माझ्या नावाच्या फाइलवर नोंदलेला मी पाहिला आहे.

२ एप्रिलला बिल्डरने नगरपालिकेकडे परवान्याचा अर्ज दाखल केला. ओंटारिओत घराच्या परिपूर्ण अर्जावर कामाच्या १० दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे, पण अर्ज परिपूर्ण आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. १५ एप्रिलला, म्हणजे मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, तपासनिसाचा प्रश्न आला. ट्रसच्या प्रत्येक चित्रावर इंजिनिअरचा शिक्का आहे, फॅशिया मात्र फक्त मांडणीच्या आराखड्यावर आहे आणि त्या आराखड्यावर शिक्का नाही, तेव्हा फॅशियाची जबाबदारी कोणाची? मी फेब्रुवारीत जो प्रश्न आर्किटेक्टला विचारला होता, तोच फिरून आमच्याकडे आला होता. मांडणीच्या आराखड्यावर शिक्का मारायला इंजिनिअरने नकार दिला, आणि तो बरोबरच होता, कारण त्या आराखड्यावर त्याने न तपासलेल्या इतर पन्नास गोष्टी असतात. शेवटी त्याने कोपऱ्याचा तपशील, भार, भर आणि खिळे दाखवणारे एक स्वतंत्र पान तयार करून शिक्का दिला. त्याचे २२५ डॉलर बिल्डरकडून घेतले गेले, त्यावर थोडी कुरकुर झाली. पान २२ एप्रिलला दाखल झाले आणि परवाना २५ला मिळाला. नकाशावर स्ट्रक्चरल फॅशिया हे शब्द दिसले, तर हे स्वतंत्र पान पहिल्याच अर्जासोबत जोडावे. आमचे दहा दिवस वाचले असते.

त्यानंतर कारखान्यातली प्रतीक्षा. वसंत ऋतू लागला की सगळ्यांनाच घरे बांधायची असतात, त्यामुळे आमचा क्रमांक तीन आठवड्यांनी लागला, आणि व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीमुळे पाठवणी २३ मेवर गेली. फॅशिया कारखान्यात ट्रससारखा जोडला जात नाही, तो सुट्या फळ्यांच्या गठ्ठ्यात जातो. मी यादीत कोपऱ्यांसाठीच्या सोळा फुटी फळ्या वेगळ्या ओळीत टाकल्या आणि त्यांच्या टोकांना रंग लावण्याची विनंती केली, कारण एकदा गठ्ठा सुटला की कोणती फळी कोपऱ्याची हे कोणाला ठाऊक नसते. रंग लावायला पाच मिनिटे लागली.

३० मे रोजी मी प्रत्यक्ष जागेवर गेलो. त्यासाठी हिरव्या त्रिकोणाचे सुरक्षा-बूट घ्यावे लागले, करासह १६४ डॉलर, आणि तेही पहिल्या दिवशी टाच सोलून काढतात, तेव्हा आधी घरात दोन दिवस घालून फिरावे. छपरावरचा सुतार वयाने मोठा, अबोल माणूस होता. मी आराखड्यावरची टीप दाखवली, तर तो म्हणाला की टीप त्याने वाचली नव्हती, पण रंग पाहिला होता आणि रंगीत फळी कोपऱ्याला जाते हे त्याला समजले. भर त्याने घातली होती, खिळेही सांगितल्याइतके होते. पाऊण इंच खाली घेण्याची गोष्ट मी सांगू लागलो, तेव्हा त्याने फक्त खिशातून पाऊण इंच जाडीचा एक लाकडी तुकडा काढून दाखवला. प्रत्येक टेलावर तो ठेवून खूण करतो, मोजपट्टी काढतच नाही.

बांधणीच्या तपासणीची सूचना ३ जूनला दिली. सूचना मिळाल्यापासून दोन दिवसांत निरीक्षकाने येणे अपेक्षित असते. तो ४ तारखेला सकाळीच आला. त्याने स्वतंत्र पान मागितले, शिडी चढून पुढच्या गेबलचा डावा कोपरा पाहिला, खिळे मोजले आणि मागच्या एका कोपऱ्यावर दोन खिळे कमी असल्याचे लिहिले. सुताराने ते त्याच्यासमोरच ठोकले आणि शेरा तिथेच मिटला.

निरीक्षक गेल्यावर मी सुताराला विनंती करून आतल्या कोपऱ्यात दोन्ही फळ्यांवरून दोरी धरायला लावली. ज्या जागी माझी अर्ध्या इंचाची पायरी झाली असती, तिथे सुमारे एक अष्टमांश इंचाचा फरक निघाला. माझ्या पोटात गोळा आला आणि मी हीलचे आकडे पुन्हा मनात मोजू लागलो. त्याने फळीवर हात फिरवला, ओल्या लाकडाची कड थोडी फुगलेली दाखवली, रंधा मागवला आणि दोन-चार हात मारून ती सपाट केली. मग पत्रा चढवणाऱ्यांना हाक मारली.